ईआरजी सपाट आला, तर आधी वायर तपासावी

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीच्या एका ताईंचा मुलगा ६ वर्षांचा आहे. मायनस ७ चा चष्मा आहे, चष्म्यानेही तक्त्यावरच्या शेवटच्या दोन ओळी वाचता येत नाहीत. दिवसा खेळतो, धावतो, पण दिवेलागणीला जिन्यात अडखळतो आणि लाइट गेली की जागचा हलत नाही. डॉक्टरांनी बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला पडदा तपासला, तो नॉर्मल दिसला. मग ईआरजी झाला, म्हणजे प्रकाश पडल्यावर पडद्यात तयार होणारी वीज मोजणारी तपासणी. रिपोर्टवर ग्राफ नाही, नुसता आकड्यांचा तक्ता, आणि खाली एक ओळ: दोन्ही डोळ्यांत प्रतिसाद नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी ईआरजी पुन्हा आणि सोबत व्हीईपी, म्हणजे डोळ्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी, करायला सांगितलं आहे. ताई विचारतात: डोळ्यात करंट देतात का, पडदा नॉर्मल असेल तर मशीन काय शोधतं, आणि झालेली तपासणी पोराला पुन्हा का करायला लावायची?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण रात्री तुम्हाला झोप लागत नसेल ती त्याच्यामुळे. तपासणी पुन्हा करा, आणि ती होईपर्यंत त्या एका ओळीवरून मुलाचं भविष्य ठरवू नका. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. गेली २२ वर्षं मुंबईत, आधी परळला आणि आता दादरला, याच तपासण्या करते आहे. ग्राफ नसलेल्या ईआरजीला मी रिपोर्ट मानत नाही. का ते सांगते.

करंट देत नाहीत. एवढं पक्कं मनात धरा. डोळा स्वतःच वीज तयार करतो आणि आम्ही ती टिपतो. पडद्यावर प्रकाश पडला की तिथल्या पेशींच्या विद्युतभारात क्षणभर चढउतार होतो, तो डोळ्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचतो. १८६५ साली स्वीडनमध्ये होल्मग्रेन यांनी बेडकाच्या डोळ्यात तो पहिल्यांदा मोजला. माणसाच्या डोळ्यात तो १८७७ साली जेम्स ड्यूअर यांनी मोजला. हे तेच ड्यूअर, ज्यांच्या निर्वात बाटलीवरून आपला थर्मास आला. त्यांनी डोळ्याभोवती आळं करून त्यात मिठाचं पाणी भरलं होतं. आज आम्ही खालच्या पापणीच्या आत केसाहून बारीक असा चांदीचा मुलामा दिलेला धागा ठेवतो. आधी बधिर करणारा थेंब घालतो, म्हणून तो टोचत नाही. लहान मूल धागा ठेवू देत नसेल तर पापणीखालच्या कातडीवर छोटी चकती चिकटवतो.

ही वीज किती? चांगल्या डोळ्यात जोरदार फ्लॅशला साधारण ३०० मायक्रोव्होल्ट धरा. घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, त्याचा पाच हजारावा भाग. व्हीईपीमध्ये डोक्याच्या मागून जे मिळतं ते तर १० मायक्रोव्होल्टच्या आसपास, म्हणजे त्याच सेलचा दीड लाखावा भाग. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता पडदा नॉर्मल असूनही तपासणी कशासाठी. डॉक्टर पडदा बघतात तेव्हा त्याचं रूप बघतात: रंग, रक्तवाहिन्या, डाग. भिंतीतली वायरिंग रंगाखाली झाकलेली असते, तसं पेशी काम करताहेत की नाही हे नुसतं बघून कळत नाही. पडद्यात दोन प्रकारच्या पेशी प्रकाश पकडतात. सुमारे १२ कोटी दंडपेशी अंधुक उजेडासाठी, आणि सुमारे ६० लाख शंकुपेशी लख्ख उजेडासाठी, रंगांसाठी आणि बारीक अक्षरांसाठी. या पेशी ज्यांना निरोप देतात त्या पुढच्या पेशी वेगळ्या. पडदा दिसायला अगदी ठीक आणि निरोप मात्र मध्येच अडलेला, असं होऊ शकतं. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला हीच शक्यता जास्त वाटते. पण ती शक्यता आहे, निदान नव्हे.

ईआरजीत हे कसं वेगळं काढतात ते नीट सांगते, कारण तुमच्या पहिल्या रिपोर्टची मेख इथेच असावी. मुलाच्या बाहुल्या मोठ्या करून त्याला २० मिनिटं पूर्ण काळोखात बसवतात, म्हणजे दंडपेशी जाग्या होतात. मग अर्ध्या पोकळ कलिंगडासारखा, आतून पांढरा घुमट असतो, त्याच्यासमोर हनुवटी टेकवायची. पहिला फ्लॅश इतका मंद असतो की फक्त दंडपेशींनाच कळतो. नंतरचा त्याच्या ३०० पट तेजाचा. त्याला आधी एक खोलगट लाट येते, तिला ए म्हणतात, ती प्रकाश पकडणाऱ्या पेशींची. मग उंच उसळी येते ती बी, पुढच्या पेशींची. ही नावं ईसीजीवाले आइनथोव्हेन आणि त्यांचे सहकारी जॉली यांनी १९०८ साली दिली, ती आजही चालतात. त्यानंतर १० मिनिटं उजेडात बसवतात आणि शंकुपेशींची पाळी येते: एक एकेरी फ्लॅश, आणि एक सेकंदाला ३० वेळा लुकलुकणारा. दंडपेशी इतक्या जलद लुकलुकण्यामागे धावूच शकत नाहीत, म्हणून तिथे जे उमटतं ते निव्वळ शंकुपेशींचं.

म्हणजे ईआरजी हा एक आकडा नाही, पाच-सहा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. मंद फ्लॅशला काहीच नाही, जोरदार फ्लॅशला ए लाट चांगली खोल पण बी लाट वर आलीच नाही, आणि उजेडातले प्रतिसाद बऱ्यापैकी शाबूत, असं चित्र असेल तर त्याचा अर्थ प्रकाश पकडला जातो आहे पण निरोप पुढे जात नाही. जन्मापासूनचा आणि न वाढणारा एक रातांधळेपणा असतो, त्यात असंच दिसतं. त्या मुलांना बहुतेकदा मोठा मायनस नंबर असतो आणि पडदा साधारण नॉर्मल दिसतो. आता समजा कुणी फक्त पहिल्या मंद फ्लॅशचा आकडा वाचला आणि 'प्रतिसाद नाही' असं लिहून टाकलं, तर वाक्य खोटं नाही, पण घरच्यांनी त्यातून घेतलेला अर्थ पूर्ण चुकीचा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळ्याच पायऱ्यांना रेघ खरोखर सपाट असेल तर रेटिनायटिस पिगमेंटोसासारख्या, पडद्यातल्या पेशी निकामी करत जाणाऱ्या आजाराचा विचार करावा लागतो. लहान वयात त्यात पडद्यावर काळे ठिपके दिसतीलच असं नाही, आणि तो हळूहळू वाढतो. म्हणून डॉक्टर पुन्हा करा म्हणताहेत. 'आहे तेवढंच राहणार' की 'वाढत जाणार', हा फरक तुमच्यासाठी सगळ्यात मोठा आहे, आणि तो ग्राफच्या आकारात दिसतो. नंतर जनुकांची तपासणीही सांगतील, पण कुठे शोधायचं हे तिला बरेचदा ईआरजीच दाखवतो. शिवाय व्हिटॅमिन ए फार कमी झालं तरी दंडपेशी मंदावतात, आणि ते भरून काढलं की परत चालू लागतात. तेवढी रक्ततपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा.

सपाट ईआरजी म्हणजे आंधळेपणा, असंही समजू नका. हा ईआरजी संपूर्ण पडद्याचा एकत्रित आवाज आहे. मधला छोटासा भाग जिवंत असेल तर माणूस वर्तमानपत्र वाचतो, पण त्या भागाचे एक-दोन मायक्रोव्होल्ट ग्राफमध्ये बुडून जातात. उलटंही तितकंच खरं. काचबिंदूने डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस गेलेल्या, काही न दिसणाऱ्या डोळ्याचा फ्लॅश ईआरजी उत्तम येऊ शकतो, कारण नसेच्या पेशींचा त्यात जवळजवळ वाटाच नसतो. फक्त मधला पडदा खराब झालेल्या आजोबांचाही तो नॉर्मल येतो. 'मशीन म्हणतंय सगळं ठीक आहे' असं ऐकून घरी परतलेली माणसं मी पाहिली आहेत. मशीन तसं काही म्हणत नसतं, ते एवढंच सांगतं की विचारलेल्या प्रश्नाला हे उत्तर आलं.

आता वायरची गोष्ट. ३०० मायक्रोव्होल्ट म्हणजे किती कमी ते मघाशी पाहिलं. या एवढ्याशा विजेभोवती मुंबईची सगळी वीज फिरत असते. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते आणि अर्थिंग कच्चं असेल तर तो हेलकावा थेट ग्राफवर उमटतो. आमच्या जुन्या जागेत खोलीच्या भिंतीला लागूनच लिफ्ट होती. लिफ्ट चौथ्या मजल्यावरून निघाली की ग्राफची रेघ वर सरकायची. शेवटी वॉचमनला सांगून ठेवलं होतं, आम्ही खिडकीतून हात केला की पाच मिनिटं लिफ्ट थांबवायची. मे महिन्यात, आणि पाऊस सुरू झाल्यावर तर जास्तच, घामाचा त्रास. कपाळावर घाम आला की चकतीखालची कातडी स्वतःच विजेचे हळूहळू झोके देते आणि रेघ तरंगायला लागते. आणि तेल! पोराला दवाखान्यात न्यायचं म्हणून आई सकाळी छान खोबरेल चोपडून भांग पाडून आणते. तेलावर चकती बसत नाही. कातडी घासून पेस्ट लावल्यावर चकतीचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ५ किलो-ओहमच्या खाली यायला हवा, तेल असलं की तो चाळिसाच्या खाली उतरत नाही. डोळ्यातलं काजळही तसंच.

म्हणून रेघ सपाट आली की मी आधी डोळ्यावर शंका घेत नाही, वायरवर घेते. रोध पुन्हा मोजते. धागा पापणीतून निसटून गालावर आला आहे का ते लाल बॅटरीच्या मिणमिणत्या उजेडात बघते, कारण पांढरा उजेड लावला की २० मिनिटांचा काळोख वाया. डाव्या-उजव्या डोळ्याच्या वायरी एकमेकींत बदलून बघते. सपाटपणा डोळ्यासोबत गेला तर डोळ्याचा, वायरसोबत गेला तर वायरचा. तरी शंका राहिली तर दुसऱ्या दिवशी सकाळी मदतनीस मुलीला बसवून तिचा ईआरजी काढते आणि मशीन धड आहे ना ते बघते. आणखी एक खूण: जिवंत माणसाची रेघ फूटपट्टीने ओढल्यासारखी कधीच नसते. प्रतिसाद नसला तरी तिच्यावर बारीक थरथर असते, पापणी हलते, स्नायू हलतात. अगदी गुळगुळीत सपाट रेघ बघितली की मला वाटतं, ही वायर माणसाला जोडलेलीच नव्हती. हे सगळं फक्त ग्राफवर दिसतं, तक्त्यातल्या शून्यात दिसत नाही.

पहिल्या रिपोर्टमध्ये आकडे 'कमी' म्हटले असतील तर इलेक्ट्रोड, म्हणजे वीज टिपणारा धागा किंवा चकती, कोणता वापरला होता तेही महत्त्वाचं. त्याच डोळ्यातून काँटॅक्ट लेन्सच्या इलेक्ट्रोडने सर्वांत मोठी लाट मिळते, धाग्याने त्याहून लहान, कातडीवरच्या चकतीने खूपच लहान. चकतीने काढलेली लाट लेन्सच्या नॉर्मल आकड्यांशी ताडली तर कुणाचंही पोर आजारी ठरेल. १९८९ पासून या तपासणीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, फ्लॅश किती तेजाचा, काळोख किती वेळ, सगळं ठरलेलं आहे. तरी प्रत्येक जागेने आपल्या मशीनवर, आपल्या इलेक्ट्रोडने, वयानुसार आपले नॉर्मल आकडे काढायचे असतात. दोन ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवून आकड्याला आकडा जुळवू नका, आकाराला आकार जुळवा.

व्हीईपीकडे येते. डोळा ठीक आहे की नाही हे ईआरजीने कळतं, तिथून मेंदूच्या मागच्या भागापर्यंत निरोप पोचतो का हे व्हीईपीने. चष्म्यानेही पूर्ण दिसत नाही म्हणून डॉक्टरांनी ही जोड दिली असावी. यात थेंब घालून बाहुली मोठी करायची नसते, म्हणून ही तपासणी आधी घ्या किंवा वेगळ्या दिवशी. मूल टीव्हीसारख्या स्क्रीनसमोर बसतं, स्क्रीनवर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन सेकंदाला दोनदा जागा बदलतात, आणि नजर मधल्या लाल ठिपक्यावर ठेवायची. डोक्याच्या मागे, कवटीचं हाड जिथे फुगीर लागतं त्याच्या जरा वर, एक चकती. नॉर्मल माणसात चौकोन बदलल्यानंतर सुमारे १०० मिलिसेकंदांनी एक वरची लाट येते. नसेवरचं आवरण सुजलं की ती उशिरा येते. नसेची सूज उतरून नजर सुधारल्यावरही हा उशीर राहतो, हे १९७२ साली लंडनच्या हॅलिडे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, आणि तेव्हापासून न्यूरॉलॉजीवाले व्हीईपी मागवू लागले.

१० मायक्रोव्होल्टची ही लाट मेंदूच्या स्वतःच्या गडबडीत हरवलेली असते, ती गडबड तिच्या कितीतरी पट मोठी. कसाऱ्याहून येणाऱ्या लोकलमधलं भजनी मंडळ आठवा. गाडीचा खडखडाट, माणसांचा कलकलाट, त्यात टाळ वाजतो. एकच ठोका ऐकलात तर ओळखणार नाही. पण तो ठरलेल्या वेळाने पुन्हा पुन्हा येतो, म्हणून कान त्याला पकडतो. कॉम्प्युटर तेच करतो: चौकोन बदलल्याच्या क्षणापासूनचे ६४ तुकडे एकावर एक ठेवून सरासरी काढतो. गडबड आठव्या हिश्शावर येते आणि लाट तेवढीच राहते. हे सगळं किमान दोनदा करून दोन्ही रेघा एकमेकींवर बसतात का ते बघायचं. बसल्या नाहीत तर त्या लाटेवर विश्वास नाही.

इथे माझी एक चूक सांगते, ती मी विसरलेले नाही. कामाला लागून दोन वर्षं झाली होती. नववीतली एक मुलगी डोकेदुखीसाठी आली होती. व्हीईपी काढला, लाट दोन्ही डोळ्यांत उशिरा, ११८ मिलिसेकंद. रेघा एकमेकींवर छान बसत होत्या, म्हणून मी निर्धास्तपणे तसं लिहून दिलं. घरच्यांना नसेच्या आजाराची शंका सांगितली गेली, एमआरआय झाला, आई-वडील महिनाभर भीतीत राहिले. एमआरआय नॉर्मल. पुन्हा आली तेव्हा डोळ्यांवर चष्मा होता. पहिल्या वेळी तो आईच्या पर्समध्ये होता, आणि मी विचारलंच नव्हतं. धूसर चौकोनांना मेंदू उशिरा प्रतिसाद देतो. चष्मा लावून काढला तर १०१. त्या दिवसापासून चष्म्याचा नंबर आणि तपासणीच्या वेळी चष्मा होता की नाही, हे मी प्रत्येक व्हीईपीच्या रिपोर्टवर हाताने लिहिते. तुमच्या मुलाचा नंबर मायनस ७ आहे. चष्मा विसरलात तर त्या दिवशी व्हीईपी करूच नका.

मोठ्यांसाठी जाता जाता: टीबीच्या गोळ्यांमध्ये इथॅम्ब्युटॉल असतं आणि मुंबईत ते घेणारे पुष्कळ. काही जणांच्या नसेला ते बाधतं, लाल-हिरवा फरक फिका व्हायला लागतो. असं वाटलं तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

आता तुमच्या दिवसाची तयारी. आदल्या रात्री मुलाचे केस शॅम्पूने धुवा, तेल नको, काजळ नको, चेहऱ्याला क्रीम नको. त्याच दिवशी त्याआधी डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढू देऊ नका, काढले तर किमान अर्धा तास थांबावं लागतं. झोपेचं औषध देणार नसतील तर पोटभर खाऊन आणा. देणार असतील तर उपाशीपोटी किती वेळ राहायचं ते आधी विचारून घ्या. कधी फिटचे झटके आले असतील तर सुरुवातीलाच सांगा, लुकलुकता प्रकाश अशा मुलांमध्ये जपून वापरावा लागतो. बाहुल्या मोठ्या झाल्यावर संध्याकाळपर्यंत उजेड खुपेल आणि जवळचं धूसर दिसेल, म्हणून टोपी आणा आणि गर्दीच्या वेळी लोकलने परतू नका.

तुमचं मूल आधीच अंधाराला घाबरतं, आणि आम्ही त्याला २० मिनिटं अंधारात बसवणार. ही मला सगळ्यात नाजूक गोष्ट वाटते. घरी आठवडाभर सराव करा: पडदे ओढून, दिवा मालवून, त्याचा हात हातात घेऊन गोष्ट सांगा. आधी ५ मिनिटं, मग १०. आमच्या खोलीतही आईने मुलाला मांडीवर घेऊन बसलेलं चालतं, गोष्ट चालते, गाणं चालतं. मोबाइल चालत नाही, चमकणारं घड्याळही नाही. एकदा अठराव्या मिनिटाला आजीने खाली पडलेली पिशवी शोधायला टॉर्च लावला आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. आजींना वाईट वाटलं, नातू मात्र शांत बसला होता, कारण त्याला आधी नीट सांगितलं होतं.

जुना रिपोर्ट फेकू नका, घेऊन या. पहिल्या ठिकाणी ग्राफ साठवलेले असतात, ते छापून मागा. तो तुमचा हक्क आहे. नव्या रिपोर्टमध्ये प्रत्येक पायरीचा ग्राफ, दोनदा काढलेल्या रेघा, इलेक्ट्रोडचा प्रकार आणि त्या जागेचे वयानुसार नॉर्मल आकडे आहेत ना ते घरी जाण्याआधी बघा.

आणि माहेरी फोन करून एक विचारा. या न वाढणाऱ्या रातांधळेपणाचा एक प्रकार आईकडून मुलाकडे येतो. आईला काही त्रास नसतो, पण तिच्या भावाला किंवा वडिलांना असू शकतो. दुसरे काही प्रकार नात्यात लग्न असेल तर जास्त दिसतात, तेही न संकोचता सांगा. तुमच्या भावाला लहानपणी रात्री वाड्यातून एकट्याने जायला भीती वाटायची का, त्याला तेव्हापासून जाड चष्मा आहे का, आणि आता चाळिशीत त्याचं दिसणं तेवढंच आहे की कमी झालं आहे. जे सांगतील ते कागदावर लिहून मुलाच्या फाइलमध्ये वर लावून ठेवा.